थरथर थांबली की

"थरथरणाऱ्या जनावराची काळजी नंतर कर. ते झगडतंय. थरथर थांबली की आधी त्याच्याकडे धाव."

बाईंनी हे सांगितलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि नुकतीच तिची चूक पकडली गेली होती. चूक पकडली गेली की माणूस उपदेश कुठे ऐकतो, तो आपला अपमान कुरवाळत बसतो. तिनेही मान डोलावली, वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खोलीचं दार ओलांडायच्या आत या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं.

चूक अशी. शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या तळघरात एक थंड खोली होती. तिथे काचेच्या बरण्यांत एकेक उंदीर ठेवायचा, बरणीतून ठरावीक वेगाने हवा सोडायची, आणि आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू किती नि बाहेर येणाऱ्या हवेत किती, ते मोजायचं. मधला फरक तो उंदराचा खर्च. जनावर उड्या मारत असेल तर आकडा चढतो, म्हणून ते निवांत होईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. ती तासभर बसली. सात नंबरच्या उंदराचा आकडा उतरत उतरत अगदी सपाट झाला तेव्हा तिला धन्य वाटलं. तिने वहीत लिहिलं, "सात नंबर, शांत."

बाई निवृत्त झाल्या होत्या, पण तळघरात रोज यायच्या. त्या सहज डोकावल्या. आकड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बरणीचं झाकण काढलं, उंदीर ओंजळीत घेतला, कोटाच्या आत छातीशी धरला आणि बाकावर बसून राहिल्या. दहा-बारा मिनिटांनी कोटाचं कापड बारीक हलायला लागलं. उंदीर थरथरत होता. मग कुठे बाईंनी दुसऱ्या हाताने लाल पेन्सिल काढून 'शांत' या शब्दाभोवती गोल केला. सात नंबर शांत वगैरे काही झाला नव्हता, तो गारठून विझत चालला होता.

"आपल्या धंद्याची खोडच आहे ही," बाई म्हणाल्या. "जनावर कधी निश्चल होतंय याची वाट बघण्यात जन्म जातो. मग मरायला टेकलेलंसुद्धा आपल्याला ध्यानाला बसल्यासारखं दिसतं."

वरच्या मजल्यावर येऊन तिने मैत्रिणीपाशी तोंड वाकडं केलं. म्हातारीला माणसांपेक्षा उंदरांचा पुळका जास्त, असं काहीसं ती म्हणाली. दोघी हसल्या आणि विषय तिथेच संपला.

तिचं नाव बाईंनी टिपकागद ठेवलं होतं, कारण सांगाल ते ती टिपून घ्यायची. आत किती मुरतं ते मात्र देव जाणे, असं बाई पुढे जोडायच्या.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. मधे तिला नोकरी लागली, लग्न झालं, आणि आता सात महिन्यांची मुलगी होती. मुलगी झाल्यापासून तिची झोप मांजरीची झाली होती. बाळ श्वास घेतंय ना हे ती पाळण्यावर वाकून बघायची, मग आपल्याला दिसलं ते खरंच दिसलं का, हे बघायला परत वाकायची. थर्मामीटर तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी असायचा. बाळाला उचकी लागली म्हणून ती एकदा डॉक्टरांकडे धावली होती. एकदा बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपलं म्हणून, आणि एकदा नेहमीपेक्षा जास्त हसलं म्हणून. त्या तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी बाळाला सोडून तिचीच नाडी बघितली. हा किस्सा सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायच्या. दुष्टपणाने नव्हे. त्यांना ती आवडायची, पण हातची गंमत सोडवत नव्हती.

विभागाला पन्नास वर्षं होत होती. विभागप्रमुखांनी तिला फोन केला की स्मरणग्रंथासाठी एक मोठा लेख हवा आहे, उत्क्रांतीच्या अंगाने शरीरक्रिया बघणारं हे शास्त्र कसं घडलं आणि त्यात आपल्या विभागाचा हात किती. तू रजेवर आहेस, घरी बसून होईल. फोन स्पीकरवर होता; 'बसून' हा शब्द ऐकून सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच खोकून घेतलं. पण तिने हो म्हटलं, कारण हा इतिहास ज्यांच्या तोंडून ऐकावा अशी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती म्हणजे बाई.

बाई आता सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गुडघ्यांमुळे जिना आठवड्यातून एकदाच. हिवाळा यंदा बोचरा होता आणि तान्ह्या बाळाला घेऊन ऊठसूट जायला ती धजत नव्हती, म्हणून फोनचं ठरलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन, बाळाची झोप. ती रेकॉर्डिंग चालू करायची आणि बाई सुरू व्हायच्या.

पहिल्या दिवशी बाईंनी शिडीपासून सुरुवात केली. पूर्वी लोकांनी सगळे प्राणी एका शिडीवर बसवले होते, त्या म्हणाल्या, खालच्या पायरीवर मासा, मग बेडूक, मग सरडा, आणि वरच्या पायरीवर आपण. शिडी आपणच केली, वर जाऊनही आपणच बसलो, आणि मग खाली बघून म्हणालो की बिचारा बेडूक अजून तिथेच. बेडूक बिचारा नाही गं. तो त्याच्या रस्त्याने तितकाच चाललाय, जितके आपण.

दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या वाटण्या. एका भावाने शरीर घेतलं, दुसऱ्याने इतिहास. शरीरवाले म्हणायचे, हृदय कसं चालतं ते विचारा, असं का झालं ते आमच्याकडे विचारू नका. त्यांनी कामं मात्र डोंगराएवढी केली. ज्या प्रश्नाला जे जनावर सोयीचं ते शोधून काढलं. मज्जातंतूतून संदेश कसा जातो ते बघायला समुद्रातला माकूळ घेतला, कारण त्याच्यात एक तंतू इतका जाड की नुसत्या डोळ्यांना दिसतो. इतिहासवाल्यांकडे हाडं होती, दगडात उमटलेली. हाडं पुष्कळ बोलतात, पण श्वास घेत नाहीत. कित्येक वर्षं दोघं भाऊ आपापल्या ताटात जेवले. मग काही हट्टी माणसांनी मधली भिंत पाडली आणि विचारलं, हे शरीर असं चालतं ते कुठल्या वाटेने असं चालायला लागलं?

त्याच दुसऱ्या दिवशी तिने मधेच बाईंना थांबवलं होतं. मागे काहीतरी घरघरतंय बाई, तुमचे अर्धे शब्द ऐकू येत नाहीत. बाई म्हणाल्या, हीटरचा पंखा आहे, माझ्याच वयाचा, थांब. खट् असा आवाज आला आणि घरघर बंद झाली. तेव्हापासून दर फोनच्या सुरुवातीला तो खट् ऐकू यायचा आणि पुढचा तासभर बाईंचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. तिला बरं वाटलं. टायपिंगचं काम निम्मं झालं.

बाईंना सर्वांत चेव आला तो स्वतःच्या चुकीबद्दल सांगताना. तरुणपणी त्यांनी दोन उंदीर ताडून पाहिले होते. एक वाळवंटातला, एक पाणथळीतला. वाळवंटातला लघवीतून पाणी कमी घालवायचा. बाईंनी निष्कर्ष काढला की ही वाळवंटाची करणी, त्यावर दोन निबंध छापून आले, टाळ्या पडल्या.

"दोन घरं बघून अख्ख्या गावाचा नियम सांगितला मी," बाई म्हणाल्या. "अगं, तुझं नि तुझ्या चुलत बहिणीचं नाक सारखं, ते काय हवेमुळे? आजोबा एक म्हणून. आधी नातीगोती मांडायची, वंशाचं झाड काढायचं, मग फरक मोजायचा. हे लोकांच्या ध्यानात आलं तेव्हा पुष्कळ मोठ्या माणसांचे पुष्कळ मोठे निष्कर्ष त्या झाडाखाली चेंगरले. माझे दोन."

मग बाईंनी काय केलं होतं, तर त्याच नियतकालिकाला पत्र लिहून आपले दोन्ही निबंध आपणच खोडले होते. कुणी मागितलं नव्हतं. विभागातल्या कपाटात त्या पत्राची प्रत होती आणि ती तिने विद्यार्थिनी असताना वाचली होती, पण तेव्हा ते एक पिवळं पत्र होतं. आता फोन कानाशी धरून, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याने ओढत, तिला पहिल्यांदा कळलं की आपलंच नाणं खोटं निघालं असं भर बाजारात सांगायला छाती किती लागत असेल. तिने वहीच्या समासात लिहिलं, "ज्या शास्त्रात हे चालतं ते शास्त्र टिकतं."

आणि मग उंदरांच्या हजेरीची गोष्ट. बाई नोकरीला लागल्या तेव्हा विभागात रीत अशी की वीस उंदीर मोजायचे, सरासरी काढायची, वीसही आकडे टाकून द्यायचे. सरासरीच्या वर-खाली जे काही हलतं ते म्हणजे गोंगाट, यंत्राचा नाहीतर तुमच्या हाताचा. बाईंना ते पटेना. सरासरीचा उंदीर मला कुठल्याच पिंजऱ्यात सापडला नाही, असं त्यांनी तेव्हाच्या प्रमुखांना सांगितलं आणि त्यांची मर्जी कायमची घालवली. त्या प्रत्येक उंदराला वेगळं पान द्यायच्या. आज याचा आकडा एवढा, तर महिन्यापूर्वी याचाच किती होता, याच्या आईचा किती होता. लोक त्यांना उंदरांची हेडबाई म्हणायचे. कुणीतरी दारावर शाळेच्या वेळापत्रकाची पाटी लावली होती, ती बाईंनी निवृत्त होईपर्यंत काढली नाही.

एकोणीस वर्षांनी वारं फिरलं. निवड व्हायची तर निवडायला फरक हवा, सगळे सारखे असतील तर निवडणार काय, हे साधं वाक्य लोकांनी शरीरक्रियेला लावून बघितलं. ज्याला गोंगाट म्हणून टाकलं तोच उत्क्रांतीचा कच्चा माल निघाला. कुठे कुठे लोकांनी पिढ्यान् पिढ्या चाकावर जास्त पळणारे उंदीर निवडून वाढवले आणि शरीर डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं. आणि जुने, एकेका जनावराचे, आईपासून लेकरापर्यंतचे आकडे कुणाकडे आहेत याची शोधाशोध सुरू झाली तेव्हा दूरदूरून पत्रं आली ती तळघरातल्या हेडबाईंना. एकशे चार वह्या. एकही पान फाडलेलं नाही.

मधल्या एका शुक्रवारी बाळ फोन चालू असतानाच उठलं आणि रडायला लागलं. बाई थांबल्या नाहीत, त्यांनी विषयच बाळाचा केला. अजगराच्या काही जातींत मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, त्या म्हणाल्या, आणि थंडी पडली की अंग आखडत राहते, थरथरत राहते, अंडी उबवायला. सापाच्या जातीत, बघ. गरम रक्त कशासाठी आलं याचं भांडण अजून मिटलेलं नाही. कोणी म्हणतं लांब पळण्यासाठी, कोणी म्हणतं पिल्लांसाठी. मी मेले तरी मिटायचं नाही, आणि तेच बरं आहे.

प्रत्येक फोननंतर ती वहीत एक ओळ टाकायची. तारीख, वेळ, आवाज कसा. आणि गंमत म्हणून, टोमणे किती. पहिल्या दिवशी पाच, मग चार, सहा, चार, पाच, पाच. सातव्या फोनला, मंगळवारी, बाईंना सर्दी होती आणि टोमणा एकच. आठव्या फोनला, शुक्रवारी, बाई सावकाश बोलल्या. वाक्यावाक्यात थांबल्या. विभागाच्या बागेत कुठली झाडं होती ते सांगत राहिल्या आणि पाऊण तासात दमून थांबल्या. थंडी फार आहे का, असं तिने विचारलं तर म्हणाल्या, नाही गं, थंडी काही नाही. तिने फोन ठेवला. बाळ अजून झोपेत होतं. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आलं होतं. तिने वहीत लिहिलं, "टोमणे शून्य. आज बाई शांत."

लिहून ती उठली, बाळाचे कपडे घडी करायला घेतले. एक झबलं झालं, दुसरं झालं. तिसरं हातात असताना तिला आपल्या अक्षरातला तो शब्द दिसला. वही उघडीच होती. शब्दाभोवती गोल नव्हता, एवढाच काय तो फरक.

ती वहीपाशी बसली. पाच, चार, सहा, चार, पाच, पाच, एक, शून्य. सत्त्याहत्तरीची कुठलीही बाई थंडीत सावकाश बोलते, दमते, टोमणे मारत नाही, त्यात विशेष काय? पण बाईंनीच शिकवलं होतं की सरासरीची म्हातारी कुठल्या घरात राहत नाही. हिला हिच्याच मागच्या पानाशी ताडून बघ. तिने आजचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं. बाईंचा हॅलो, मग तिचा हॅलो, मग तब्येतीची चौकशी. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मंगळवारचं लावलं. मंगळवारी हॅलोनंतर खट् होता. आज खट् नव्हता. घरघरही नव्हती. म्हणजे फोन आला तेव्हा हीटर आधीच बंद होता. मंगळवारी तिच्या रेकॉर्डिंगसाठी बंद केलेला, तो पुन्हा चालू झालाच नव्हता. तीन दिवस.

तिने फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर बाईंनी उचलला. बाई, हीटर चालू आहे का, तिने विचारलं.

"असेल की," बाई म्हणाल्या. शब्द एकमेकांवर घसरत होते. "मला उलट... उबदारच वाटतंय."

गारठून विझत चाललेल्या माणसाला शेवटी ऊब वाटायला लागते, हे शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तिने बाईंच्या पत्त्यावर रुग्णवाहिका बोलावली; यायला तासभर लागेल म्हणाले. पत्ता सांगताना आवाज ठाम होता, पण फोन ठेवल्यावर जुनी फजिती आठवली. उचकी, झोप, हसू. तीनदा ती अशीच धावली होती आणि तीनदा तोंडावर पडली होती. आता हीटर खरंच चालू असला तर? म्हातारं माणूस नुसतं पेंगत असलं तर? रुग्णवाहिकेतली माणसं काय म्हणतील, बाई काय म्हणतील, त्याहून जास्त सासूबाई काय म्हणतील? तिने चाचरत सगळं सासूबाईंना सांगितलं, वही दाखवली, खट् ऐकवला. सासूबाईंना आकड्यातलं काही कळलं नाही. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पाळण्याची दोरी आपल्याकडे घेतली आणि म्हणाल्या,

"जा तू. काही नाही निघालं तर चहा पिऊन ये."

तीन थांब्यांचं अंतर. बस दिसेना, ती चालत सुटली, मग पळत. बाईंच्या इमारतीत तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं आणि बाईंची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून सांगितलं की कालच वर जाऊन हाक मारली होती, बाईंनी आतूनच ठीक आहे म्हटलं. तिने किल्लीसाठी हात पुढे केला. शिंप्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बटणांच्या डब्यातून किल्ली काढून तिच्याआधी जिना चढला.

खोली नीटनेटकी होती. टेबलावर खडूसारखी पांढरी पडलेली पोळी, न खाल्लेली. भिंतीशी हीटर, बंद. खिडकीपाशी खुर्चीत बाई बसल्या होत्या. स्वेटरची वरची दोन बटणं सोडलेली, शाल मांडीवरून खाली घसरलेली, हात मोकळे. चेहरा मेणासारखा. त्या थरथरत नव्हत्या. कुणीही दारातून बघून म्हटलं असतं, छान बसल्यात, झोपू द्या.

तिने थर्मामीटर लावला. सदतीसच्या जागी तेहतीस पूर्णांक चार.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. वीस वेळा तोंडपाठ करून परीक्षेत लिहिलेलं, आणि एकदा एका कोटाच्या आत पाहिलेलं. हातपाय चोळायला शिंपी पुढे झाला, त्याला तिने अडवलं. चोळायचं नाही, हलवायचंही फार नाही, हातापायातलं गार रक्त एकदम हृदयाकडे जायला नको. आधी धड गरम करायचं, हळूहळू. हीटर लावला, घरघर सुरू झाली. पलंगावरची सगळी पांघरुणं आली. शिंपी खाली पळाला आणि लोकरी कापडाचे तुकडे इस्त्रीने ऊबदार करून घेऊन आला, हाताला सोसतील इतकेच. ते तिने बाईंच्या छातीवर, पाठीशी, पांघरुणाच्या आत ठेवले. शिंपी पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. त्याने चार खेपा केल्या आणि एकदाही काय झालंय ते विचारलं नाही. मग ती बाईंच्या पाठीमागे बसली आणि दोन्ही हातांनी त्यांना आपल्या छातीशी धरलं. बाई, जाग्या राहा, ती म्हणत होती, बाई, वह्या किती होत्या? पुन्हा विचारलं. बाई खूप वेळाने म्हणाल्या, शंभर. मग आणखी खूप वेळाने, आणि चार.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आयुष्यात इतकं कशाकडे बघितलं नव्हतं, पाळण्याकडेसुद्धा नाही. चार वाजून नऊ. चार वाजून पंधरा. आणि मग आधी जबडा, नुसता दातावर दात, थांबला, परत. मग खांदे. मग पांघरुणाचा सगळा ढीग हलायला लागला.

बाई थरथरत होत्या.

तिने त्यांना आणखी घट्ट धरलं आणि तिला रडू फुटलं. शिंपी घाबरला, त्याला वाटलं आता बिघडलं. तिने त्याला मानेनेच सांगितलं, नाही, आता बरं आहे.

"वाजले किती?" बाईंचे दात वाजत होते.

"चार वाजून बावीस."

"लिही. थरथर सुरू." मग श्वास घेऊन, "आणि रडू नकोस. टिपकागद भिजला की काही टिपत नाही."

टोमणे, एक.

जिन्यावर रुग्णवाहिकेच्या माणसांची पावलं वाजली. त्यांनी बाईंना तपासून हलकेच उचललं. इस्पितळातले डॉक्टर तिला म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर माझ्याकडे करण्यासारखं फार काही उरलं नसतं. सर्दीने अंगातली ताकद गेली, मंगळवारी फोननंतर हीटर लावायचं राहिलं, आणि गारठा वाढत गेला तसा थंडी वाजतेय हे सांगणारा मेंदूच आधी सुस्त झाला. उतारवयात थंडीची जाणीव अशीही बोथट होते. तिने डॉक्टरांना हीटर कुणासाठी बंद केला होता तेही सांगून टाकलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. तिला वाटलं, घ्यायला हवं होतं.

पाच दिवसांनी बाई घरी आल्या तेव्हा ती बाळाला घेऊन गेली, सासूबाईही आल्या. हीटर मोठ्याने घरघरत होता. तिने माफी मागायला तोंड उघडलं तर बाईंनी हात वर करून थांबवलं. गोंगाट म्हणून टाकलंस ना, त्या म्हणाल्या, आमच्या प्रमुखांनी एकोणीस वर्षं घेतली, तू तीन दिवसांत परत उचललंस. प्रगती आहे. मग त्यांनी बाळाला मांडीवर पालथं घेतलं आणि त्याच्या दोन खांद्यांच्या मधे बोट टेकवलं.

"इथे हिची शेगडी आहे," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला थरथरता येत नाही, म्हणून एक वेगळी चरबी दिलीय, ती नुसती ऊब करते. किती जुनी वस्तू आहे ही, किती पिढ्यांनी हातोहात पुढे दिलेली. आणि मोठं झालं की आपण म्हणतो, मी माझ्या पायावर उभी आहे."

सासूबाईंनी त्याच जागी आपला हात ठेवून पाहिला आणि बराच वेळ काढला नाही. परतताना त्यांनी उचकीचा किस्सा शिंप्याला सांगितला नाही. त्याऐवजी खट्चा सांगितला, आणि तो त्यांना नीट सांगता आला.

लेख तिने पुढच्या महिन्यात पुरा केला. शिडी आली, दोन भाऊ आले, वंशाचं झाड आणि त्याखाली चेंगरलेले निष्कर्ष आले, हेडबाईंच्या एकशे चार वह्या आल्या. बाईंनी तीन ठिकाणी लाल पेन्सिल चालवली आणि एका ठिकाणी समासात 'बरं' लिहिलं. ते पान तिने फ्रेम करून ठेवलं. विभागप्रमुखांना लेख आवडला, फक्त शेवटचा परिच्छेद काढा म्हणाले, तो इतिहास नाही. तिने त्यांना नम्रपणे सांगितलं की लेख द्यायचा तर त्या परिच्छेदासकट, आणि तो परिच्छेद तसाच छापला गेला:

"वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीत कोणी एकटं राहत असेल. पूर्वी थंडीच्या नावाने बोटं मोडणारं, फोनवर तुमची थट्टा करणारं, आणि हल्ली काहीच तक्रार न करणारं. त्या माणसाला फोन करू नका. फोनवर ते ठीक आहे म्हणेल, आणि तुम्हाला ते शांत वाटेल. हा ग्रंथ मिटून ठेवा, एक जास्तीची शाल घ्या आणि आत्ता जाऊन बघून या."